फळ्यावरची दुसरी चूक

दुसऱ्यांदा "सापडली!" ऐकू आलं आणि माझा हात कुलपाच्या किल्लीवर तसाच राहिला.

पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी जिन्यात होते आणि मनातल्या मनात हसलेसुद्धा होते. आमच्या घरात ही आरोळी रोजचीच. बाबा रसायनशास्त्राचे मास्तर. शाळेने त्यांना निरोपाचा नारळ दिला त्याला युगं लोटली, पण घरातल्या बाहेरच्या खोलीत फळा आहे, दोन बाकं आहेत आणि अजूनही पाच-सहा पोरं संध्याकाळी येऊन त्या बाकांवर बसतात. बाबांची एक पद्धत आहे. ते फळ्यावर रोज मुद्दाम एक चूक करून ठेवतात. कधी संयुजा चुकवतील, कधी समीकरण अर्धवट तोलून सोडतील, कधी एखाद्या मूलद्रव्याचं वस्तुमान शेजारच्या मूलद्रव्याला देऊन टाकतील. मग पोरांनी वही मिटायची आणि ती चूक शोधायची. ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, "सापडली!" बक्षीस म्हणून त्याने फळा पुसायचा. बस, एवढंच. पण त्या डस्टरसाठी पोरं जीव टाकतात, मीही टाकलाय. सापडेपर्यंत फळा पुसायचा नाही हा नियम, आणि कुणी रडकुंडीला आलं की बाबांचं ठरलेलं वाक्य: "घाई नाही. समीकरण कुठे पळून जात नाही." तर अशी रोज एक आरोळी. एकच. त्या दिवशी आमच्या कंपनीत पाण्याच्या नळांचं काम निघालं म्हणून मला लवकर सोडलं होतं, नाहीतर मला कधी कळलंही नसतं. पहिल्या आरोळीनंतर बाबांचं "शाब्बास!" लगेच आलं, टाळीला टाळी द्यावी तसं. दुसरीनंतर आलं नाही. मी किल्ली न फिरवता उभी राहिले. आत कुणी बाक सरकवलं, कुणी खोकलं. मग "शाब्बास" आलं. शब्द तोच, आवाज तोच, पण त्याच्या आधी एक जागा रिकामी गेली होती.

आत गेले तर एक जाड चष्म्याची मुलगी डस्टर हातात घेऊन उभी होती आणि बाबा बोटांवरचा खडू झटकत होते. फळ्यावर वर हायड्रोजन-ऑक्सिजनचं समीकरण होतं, न तोललेलं. ती आजची चूक असणार, बाबांना साजेशी. खाली मोरचूद. CuSO₄·5H₂O असं त्यांच्या वळणदार अक्षरात सूत्र आणि त्याखाली रेणुवस्तुमान १५९.५. मला हिशेब करावा लागला नाही. तांबं, गंधक, चार ऑक्सिजन, सगळं बरोबर. फक्त पाणी धरलेलं नव्हतं. पाण्याचे पाच रेणू सूत्रात डोळ्यांसमोर लिहिलेले आणि बेरजेत त्यांचा पत्ताच नाही. "आज दोन ठेवल्या," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "परीक्षा जवळ आली ना यांची." पोरं खूश. मी "बरं" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा उतू गेला तेव्हा कळलं की मी गॅससमोर उभी राहून नुसती बघत होते.

कारण बाबा दोन ठेवत नाहीत. सूर्य इकडचा तिकडे होईल, पण बाबा दोन ठेवायचे नाहीत. "एक चूक म्हणजे शिकवणं, दोन म्हणजे निष्काळजीपणा" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आईच्या ओव्या आठवत नाहीत पण हे आठवतं. आणि त्यातही मोरचूद! लहानपणी त्यांनी आईच्या स्टीलच्या चमच्यात मोरचुदाचे निळे खडे घेऊन गॅसवर तापवले होते. निळा रंग कडेने फिकट होत गेला आणि चमच्यात उरली पांढरी भुकटी. मला वाटलं, संपलं, जळलं. मग बाबांनी तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकला आणि तेवढ्याच जागी निळा डाग उमटला. "बघ, पाणी आतच होतं. दिसत नव्हतं म्हणून मोजायचं नाही असं नसतं." मी आठ दिवस तोच खेळ मागत होते. आईने तो चमचा चिमटीत धरून थेट कचऱ्यात टाकला आणि म्हणाली, "तुमचं ते शास्त्र तुमच्या भांड्यांत करा." आईची आणि त्या चुकांची एक वेगळीच जुगलबंदी होती. जेवण बिघडलं की बाबा काही न बोलता जेवायचे, आणि आई म्हणायची, "तुम्ही केलेली चूक म्हणजे शिकवणं. आमच्या चुकांना कधी कुणी मुद्दाम म्हटलं नाही बाई." ती असती तर तिला कळलं असतं. तिने ती दुसरी आरोळी झोपेतसुद्धा ओळखली असती. बाबांना तोंडावर विचारलं असतं, काय हो, काय होतंय तुम्हाला? मी मात्र उतू गेलेलं पुसलं आणि कप भरून बाहेर नेऊन दिला.

मी औषधांच्या कंपनीत तपासणीच्या विभागात आहे. दिवसभर तेच करते, जे बाबांनी शिकवलं: हा क्षार इतका, त्याचे मोल इतके, त्याच्याशी ते किती लागेल. पण आमच्याकडे एक रीत आहे. मी काढलेल्या आकड्याला माझ्या एकटीच्या सहीने किंमत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तो पहिल्यापासून पुन्हा मांडायचा, माझा कागद न बघता, आणि मग दुसरी सही. यात कुणाचा अपमान नसतो. माझ्या शेजारचा माणूस बिनदिक्कत सांगतो, "मॅडम, शून्य खाल्लंत," आणि मी "अरे हो की" म्हणते आणि दोघं आपापल्या डब्याकडे वळतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे बघत बसले. एवढं सोपं असतं होय हे? शून्य खाल्लंत. पाणी राहिलं. परक्या माणसाची चूक काढायला जीभ कशी लोण्यासारखी फिरते. आणि घरी? घरी मी सबंध आठवडा चोरासारखी वागले. कंपनीतून लवकर निघायची कारणं काढली, जिन्यात चपला हातात घेऊन उभी राहिले, आणि कानात प्राण आणून आरोळ्या मोजल्या. एक आली की जीव भांड्यात पडायचा. मग लगेच वाटायचं, एकच आली म्हणजे एकच होती कशावरून? पोरांना एक सापडली की ती थांबतात. दुसरी असली तर ती वहीत उतरून, दप्तरात बसून, पोरांबरोबर घरी जाते. परीक्षेला जाते. बाबांची लाज जायला नको म्हणून मी गप्प बसते आणि किंमत मोजतात ती चष्मेवाली आणि तिच्या शेजारची.

धाकट्या भावाचा फोन दर रविवारी येतो, मी तो स्पीकरवर टाकून भाजी निवडते. त्याला मी सांगायला नको होतं, पण मनात ठेवून ठेवून मला अजीर्ण झालं होतं. तो एक घाव दोन तुकडे करणारा. "ताई, यात विचार कसला करतेस? बंद करून टाक शिकवणी. वय झालं त्यांचं."

"आणि मग ते संध्याकाळी काय करतील?"

"टीव्ही बघतील. फिरायला जातील. सगळे म्हातारे काय करतात?"

"तू ये आणि सांग त्यांना."

"मी कसा येऊ? तू तिथे आहेस ना."

हो, मी आहे. मी आहे म्हणून तर सगळ्यांचं बरं चाललंय. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण फोन ठेवल्यावर मला त्याचा राग आला नाही, कारण त्याचं चुकत नव्हतं. रसायनशास्त्रात नापास झालेला माझा भाऊ, पण हे समीकरण त्याचं बरोबर होतं. राग आला तो माझाच. बाबा दुपारी झोपून उठल्यावर आरशासमोर उभे राहतात, उरलेले केस विंचरतात, शर्टाची बाही दोनदा दुमडतात आणि खडूंचा डबा हलवून बघतात. खडू आहेत हे त्यांना माहीत असतं, तरी हलवून बघतात. तो आवाज ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी हा माणूस कुणासाठी उठेल? मला रडू येत होतं. मी कांदा कापायला घेतला, निदान कारण तरी.

मग तो दिवस आला. मी पोरांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. फळ्यावर अमोनियम सल्फेट होतं, बिनकंसाचं, आणि त्याखाली ऍल्युमिनिअम हायड्रॉक्साइडची सल्फ्युरिक आम्लाशी गाठ घातलेली. चष्मेवालीने कंस पकडला. "सापडली! सर, अमोनियम दोन पाहिजेत, कंसात!" "शाब्बास. का बरं कंसात?" आणि मग बाबांनी त्यांचं जुनं सांगितलं, जे ऐकून मी मोठी झाले: कंसाबाहेरचा दोन हा आतल्या सगळ्यांचा, शेवटच्या एकट्याचा नव्हे. घरी जेवायला बोलावलं तर सगळ्या घराला वाढायचं असतं, दाराशी बसलेल्या एकालाच नाही. पोरं हसली. आवाज खणखणीत होता, डोळ्यांत ती मिस्कील चमक होती, आणि मला वाटलं, मीच वेडी, मीच उगाच साप साप म्हणून भुई धोपटते आहे. तेवढ्यात माझी नजर खालच्या ओळीवर गेली. 2Al(OH)₃ + 3H₂SO₄ → Al₂(SO₄)₃ + 3H₂O. डावीकडे बारा हायड्रोजन, उजवीकडे सहा. पाणी पुन्हा कमी. चष्मेवालीने डस्टर उचललं होतं. पोरांच्या वह्यांत ती ओळ उतरलेली होती, मला दारातून दिसत होती, कुणीतरी तिच्याखाली रंगीत पेनाने रेघसुद्धा मारली होती, महत्त्वाचं म्हणून.

"सापडली," मी म्हटलं.

ओरडले नाही. तरी सगळे वळले. इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडातून आला होता. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "बोल," ते म्हणाले, अगदी मास्तरांच्या आवाजात. मी म्हटलं, "शेवटी पाणी कमी पडतंय, बाबा." ते फळ्याकडे वळले. बोट ठेवून हायड्रोजन मोजले, डावीकडचे, मग उजवीकडचे, मग पुन्हा डावीकडचे. मग त्यांनी खडूने तीनाचे सहा केले आणि पोरांना म्हणाले, "वहीत दुरुस्त करा." शाब्बास म्हणाले नाहीत. फळा त्या दिवशी चष्मेवालीने पुसला, पण तिने पुसताना एकदा माझ्याकडे आणि एकदा सरांकडे बघितलं, आणि मला कळलं की त्या कार्टीला सगळं कळलंय, कदाचित माझ्या आधीपासून.

पोरं गेल्यावर बाबा बाकावरच बसून राहिले. मी दुसऱ्या बाकावर बसले. गुडघे मावत नव्हते.

"ती मी ठेवलेली नव्हती," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मोरचुदाचीही नव्हती."

"तेही माहीत आहे."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस? दारात उभी राहतेस, चपला हातात घेऊन. मला काय दिसत नाही?" मी मान खाली घातली. ते हसले, पण नीट जमलं नाही. "अगं, कधी कधी ठेवतो आणि कुठे ठेवली तेच विसरतो. चष्म्यासारखं. मग पोरं ओरडली की मी म्हणतो शाब्बास. आपली ठेवलेली असली तरी शाब्बास, नसली तरी शाब्बास. झाकली मूठ." त्यांनी मूठ खरंच मिटून धरली होती, खडूचा तुकडा असेल आत. "पोरांना काही कळत नाही म्हणून बरं. पण मला भीती वाटते गं. जी कुणालाच सापडत नाही तिची भीती वाटते." असं ते मला कधी बोलले नव्हते. आई गेली तेव्हाही नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊया."

"जाऊया. आधी माझ्या पद्धतीने बघू. उद्या पोरं यायच्या आधी तू लिही. चूक तू ठेव, मी शोधतो. सापडली तर शिकवणी चालू. नाही सापडली तर तुझ्या भावाला फोन कर, म्हणावं आणा तुमचा टीव्ही." म्हणजे फोनवरचं बोलणंही त्यांनी ऐकलं होतं. या घरात दारामागे उभं राहण्याची सवय मला कुणाकडून आली ते त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत माझं लक्ष कुठलं लागतंय. कुठली चूक ठेवू? अवघड ठेवली आणि त्यांना दिसली नाही तर मी माझ्या हाताने त्यांचा खडू काढून घेतला असं होईल. सोपी ठेवली आणि त्यांच्या लक्षात आलं की सोपी ठेवली, तर ते मला माफ करायचे नाहीत. भीक नको होती त्यांना. पण मी माणूस आहे, आणि त्यांची मुलगी आहे. मी सोपी ठेवली. इतकी सोपी, की पहिल्याच धड्यातली. लवकर निघून घरी आले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम फॉस्फेट, त्यातून कॅल्शियम फॉस्फेट आणि साधं मीठ. सगळं तोलून लिहिलं, फक्त कॅल्शियमला एकच क्लोरीन दिला. 3CaCl. कॅल्शियमला दोन लागतात हे बाबांनी मला बोट धरून शिकवलेलं. आणि खाली, रिकामं दिसू नये म्हणून, कॅल्शियम फॉस्फेटचं रेणुवस्तुमान काढून ठेवलं. खडू घामाने ओला झाला होता. बाबा केस विंचरून, बाही दुमडून आले, पोरांच्या बाकावर बसले, हात मांडीवर. वर्गात नवीन आलेल्या मुलासारखे. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले कारण त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

त्यांचे ओठ हलत होते. वरच्या ओळीवरून नजर गेली, परत आली, पुन्हा गेली. कॅल्शियमपाशी थांबली. थांबली असं मला वाटलं. नजर पुढे निघून गेली. मग ते खालच्या बेरजेकडे वळले, बोटांवर काही मांडलं आणि एकदम उभे राहिले. "सापडली!" केवढ्याने ओरडले! बाक मागे सरकलं. "अगं, दोनशे एकोणऐंशी कसे? तीनशे दहा! कंसाबाहेरचा दोन तू एकट्या ऑक्सिजनला लावलास, फॉस्फरसला उपाशी ठेवलंस. काय सांगत होतो काल? सगळ्या घराला वाढायचं!" मी वळून फळ्याकडे बघितलं. तीन कॅल्शियमचे एकशेवीस, आठ ऑक्सिजनचे एकशे अठ्ठावीस, आणि फॉस्फरस एकदाच. एकतीस. ती चूक मी ठेवलेली नव्हती. ती माझी होती. रोज मोल मोजून पोट भरणाऱ्या बाईची, आणि मला ती दिसलीच नसती.

"चांगली ठेवली होतीस," बाबा म्हणाले. चेहरा असा फुलला होता की दहा वर्षं मागे गेले होते. "मला वाटलं, दया येऊन काहीतरी सोपं ठेवशील. आण ते डस्टर." त्यांनी हात पुढे केला. डस्टर माझ्या शेजारी खिडकीत होतं. मी ते उचललं. किती सोपं होतं! द्यायचं, पुसू द्यायचं, शाब्बास म्हणायचं. झाकली मूठ, आता दोघांची. जिन्यात पोरांची पावलं वाजायला लागली होती. मला त्या वहीतली रंगीत रेघ आठवली. आणि त्यांचा तो आवाज, जी कुणालाच सापडत नाही तिची भीती वाटते. सोडून दिलं असतं तर मी त्यांना त्याच भीतीत एकटं ठेवलं असतं. मी डस्टर हातातच ठेवलं.

"बाबा, तुम्हाला सापडली ती माझ्याकडून झालेली आहे. मी ठेवलेली अजून फळ्यावरच आहे."

त्यांचा हात हवेत राहिला. चेहऱ्यावरचं ते फुलणं गेलं नाही, जरा थांबलं मात्र. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं आणि हळूच बाकावर बसले. "सांगू नकोस," म्हणाले. मी नाही सांगितलं. दार ढकलून पोरं आत आली आणि दारातच थबकली. सर बाकावर, फळ्यावर ताईंचं अक्षर. "या, बसा," बाबा म्हणाले, नजर न हलवता. "आज मीपण शोधतोय. कुणी बोलायचं नाही." पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी सरकून बसली, दप्तरं मांडीवर. मी बघत होते. एकेकाची नजर फळ्यावर गेली आणि कॅल्शियमपाशी अडकली. सगळ्यांना दिसली, पाहताक्षणी. एकाने ओरडायला तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. कुणी बोललं नाही. बाबांचे ओठ हलत होते, कपाळावर घाम होता, बोट हवेत क्लोरीन मोजत होतं की सोडियम ते मला कळेना. खडूच्या डब्याकडे त्यांनी एकदा बघितलं, मग पुन्हा फळ्याकडे. चष्मेवाली त्यांच्या अगदी शेजारी बसली होती. ती जरा जवळ सरकली.

"घाई नाही, सर," ती म्हणाली. "समीकरण कुठे पळून जात नाही."